सुट्ट्यांऐवजी गोळी

७ जानेवारी
टण्ण! — शाळेच्या लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. पहाटे तोच कानात वाजला, आणि मागून सगळ्या वर्गानं एका सुरात म्हटलेली नदीची कविता. डोळे उघडले तर घंटा कुठली — डोकंच ठणकत होतं.
काल उदगीरहून लातूरला गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुरुजी, डोकं दुखतं म्हणून गोळी घेता, आणि रोज गोळी घेता म्हणूनच डोकं दुखतं. आता बंद!" वर विचारलं — उदास वाटतं? जिवाला घोर लागतो? म्हटलं, बाई, आयुष्यभर प्रश्न मी विचारलेत! हसल्या. "मग रोज लिहा. आधी दुखणं वाढेल, जीव घाबरेल. टिकलात तर सुटाल."
टिकणार!

९ जानेवारी
उलट्या. हात कापतायत. बायको, सिंधू, कपाळावर ओला फडका ठेवत म्हणते, "घ्या की एक. कोण बघून राहिलं?"
मी बघून राहिलो ना!

१२ जानेवारी
साखरेला गुरुबसप्पाच्या दुकानात गेलो. कपाळाला नेहमीचं फडकं आवळून बसलेला. त्याची जुनी रीत — सुट्टे नसले की हातावर डोकेदुखीची गोळी. वर्षानुवर्षं हसत घेतली. आज काउंटरवर आपटली. "सुट्टेच दे!"
"मास्तर, लातूरहून लई ताठा घेऊन आलाव की!" गिऱ्हाइकं खिदळली.
"इख विकतोस तू, विष!"
त्याचं तोंड उतरलं. घरी पोचेपर्यंत माझी छाती धडधडत होती.

१३ जानेवारी
दुपारी रडलो. कारण काही नाही. सिंधूला सांगणार नाही, इथंच लिहितो. नदीची कविता म्हणायला गेलो तर तिसरं कडवं आठवेना — गोळीसोबत तेही गेलं की काय! घाम फुटला. मग सापडलं. अंगणात उभं राहून खड्या आवाजात म्हटलं. शेजारचं कुत्रं भुंकलं. भुंक लेका!

१६ जानेवारी
नाही घेतली.

१९ जानेवारी
बाईंचा फोन. "मनालाही औषध असतं, गुरुजी. लाज धरू नका." लाज? छट्! उद्या जातो. विचारा म्हणावं काय विचारायचं ते. सगळी उत्तरं देईन — रडल्याचंसुद्धा.

२० जानेवारी
बससाठी चपला घालत होतो. दारात गुरुबसप्पा! वाटलं, भांडायला आला. उंबऱ्यावरच मटकन बसला.
"मास्तर, दुकानातल्या निम्म्या गोळ्या मीच खात होतो. तुम्ही इख म्हणलाव — तवापासून एकबी घेतली न्हाई. लई जीव घाबरून राहिला हो. हे असंच ऱ्हातंय का?"