पाय धुण्याची पूर्वतयारी

४ सप्टेंबर, रविवार
आजचा उपदेश नम्रतेवर. प्रभूने कमरेला टॉवेल बांधून शिष्यांचे पाय धुतले, आपण काय करतो, असं पास्टरांनी विचारलं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी चर्चमध्ये पाय धुण्याची खास उपासना आहे. मंडळीतले बारा जण समोर खुर्च्यांवर बसणार आणि एक जण त्यांचे पाय धुणार. तो कोण, ते पास्टर ठरवणार. ज्याच्या रोजच्या वागण्यात सेवा दिसेल त्याला निवडीन, म्हणाले. हे बोलताना त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. बायको म्हणते, तुमच्या मागे भिंतीवर घड्याळ आहे. असू दे.
ठराव: आजपासून नम्र. गाजावाजा न करता. गाजावाजा केला नाही तर पास्टरांना कळणार कसं, याचा विचार उद्या.

५ सप्टेंबर, सोमवार
पहिला दिवस वाया. दोष माझा नाही. बुटांच्या दुकानात नोकरी करणाऱ्याने आध्यात्मिक व्हायचं तरी कसं? दिवसभर बुटक्या स्टुलावर बसून लोकांचे पाय हातात घ्यायचे. आज एका बाईंनी निम्मा स्टॉक घालून पाहिला. त्यांच्या अंगठ्यापाशी हाड वाढलंय, एकही बूट बसेना, आणि राग माझ्यावर. मी अगदी सौम्य आवाजात म्हणालो, बूट ठीक आहेत, पाय बदलून बघा. मालकांनी आत बोलावलं. सुपरवायझरच्या जागेसाठी अर्ज केलाय, विसरलात का, असं विचारलं. विसरेन कसा? सुपरवायझर झालो की ते स्टूल कायमचं सुटेल. मग मन सेवेला मोकळं.
घरी येतो तर बायकोचं सुरू. तुमच्या बाबांच्या पायाची नखं फार वाढलीत, त्यांना वाकता येत नाही, तेवढी कापा. म्हटलं, दिवसभर पायच बघितलेत. उद्या.

७ सप्टेंबर, बुधवार
प्रॅक्टिस सुरू. निळा टब आणला, पाण्याचा मग आणि टॉवेल घरचेच. माणूस नव्हता म्हणून जेवणाच्या टेबलाची खुर्ची घेतली. तिचे चारही पाय मनापासून धुतले. टॉवेल कमरेवरून घसरतो. बेल्टमध्ये खोचून पाहिला, जमलं. चेहऱ्यावर नेमका भाव कोणता ठेवायचा ते अजून ठरत नाही.
बायको दारात उभी राहून बघत होती. खुर्चीचं झालं असेल तर बाबा शेजारच्याच खोलीत आहेत, म्हणाली. तिला कळत नाही. प्रॅक्टिस वेगळी, घरकाम वेगळं.

११ सप्टेंबर, रविवार
उपासनेनंतर सभागृहातल्या सगळ्या खुर्च्या एकट्याने उचलून भिंतीला लावल्या. सांगायला कुणी नव्हतं, आतूनच प्रेरणा झाली. शेवटची खुर्ची ठेवली तेव्हा लक्षात आलं की पास्टर फोनवर बोलत बाहेर गेलेत. खुर्च्या परत मांडल्या. ते आत आल्यावर पुन्हा उचलल्या. त्यांनी पाहिलं, पण विचारलं ते वेगळंच: अजून आवरलं नाही का?
साडू नेहमीप्रमाणे शेवटच्या बाकावर. गॅरेजमध्ये काम करतो, त्यामुळे नखांत काळं. गाणी भलत्याच सुरात म्हणतो आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. मला अशा माणसांबद्दल करुणा वाटते. करुणा हाही नम्रतेचाच भाग.

१३ सप्टेंबर, मंगळवार
कंबर धरली. रजा टाकली. झोपून प्रार्थना करत होतो तर बाबा लंगडत खोलीत आले आणि पाणी हवं का विचारून गेले. लंगडता का म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, काही नाही रे, सपाता जरा घट्ट होतात.
माझं क्षेत्रच हे. संध्याकाळी दुकानात फोन करून एक साइझ मोठ्या सपाता घरी मागवल्या. बाबांनी घालून पाहिल्या. बऱ्या आहेत म्हणाले. बायकोने नेलकटर माझ्या उशाशी आणून ठेवलं. उशाशी असल्या वस्तू ठेवलेल्या मला फारशा आवडत नाहीत.

१६ सप्टेंबर, शुक्रवार
महत्त्वाची बातमी. पास्टर उद्या दुपारी घरी भेटीला येतायत. तयारी अशी: बायबल योग्य पानावर उघडं. टब दर्शनी जागी. टॉवेल खांद्यावर, पण सहज पडल्यासारखा. मी स्वतः खाली गेटपाशी उभा राहून त्यांची वाट बघणार, कारण वर बसून राहणं उद्धटपणाचं दिसतं.

१७ सप्टेंबर, शनिवार
लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.
गेटपाशी उन्हात टॉवेल खांद्यावर घेऊन उभा राहिलो. वॉचमनने विचारलं, गाडी धुवायची आहे का? पास्टर आलेच नाहीत. कंटाळून वर गेलो तर ते घरात. मागच्या जिन्याने आले होते म्हणे.
बाबांच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत पास्टर बसलेले. आणि खाली फरशीवर माझा साडू. समोर माझा टब, त्यात कोमट पाणी, बाबांचा एक पाय पाण्यात आणि एक त्याच्या मांडीवर. नख मांसात रुतून अंगठा सुजला होता. बायकोने सकाळी त्याला फोन केला, तसा तो गॅरेजमधून थेट आला. तो इतक्या हळू नख कापत होता की बाबा मध्येच त्याला कुठलासा जुना किस्सा सांगून हसत होते. बाबांना असं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.
मला का नाही सांगितलं, असं मी बायकोला स्वयंपाकघरात विचारलं. ती म्हणाली, सांगितलं होतं की.
बाहेर येऊन मी पास्टरांना सांगितलं की टब माझा आहे. ते म्हणाले, छान आहे टब.

१८ सप्टेंबर, रविवार
अपेक्षेप्रमाणे घोर अन्याय. पाय धुण्यासाठी साडूची निवड. तो उभा राहून म्हणाला, मला जमणार नाही, दुसऱ्या कुणाला तरी सांगा. पास्टर म्हणाले, म्हणूनच तुम्हाला सांगतोय. मीही नको म्हणालो असतो, पण त्यासाठी आधी कुणीतरी विचारावं लागतं.
मला बारा जणांत बसवलंय. नाव बायकोने सुचवलं. ठामपणे नकार द्यायचं ठरवून पुढे गेलो, तेव्हा कळलं की खुर्च्या अगदी समोर मांडणार आहेत. मंडळीचा मान राखून हो म्हटलं.

२१ सप्टेंबर, बुधवार
सुपरवायझरची जागा काउंटरवरच्या मुलीला मिळाली. अंगठ्याचं हाड वाढलेल्या त्या बाई पुन्हा आल्या होत्या. तिने त्यांच्यासमोर बसून, पायाचं माप घेऊन, रुंद बूट शोधून दिला. मी मालकांना म्हटलं, सुपरवायझर झाल्यावर तिला हे स्टुलावरचं काम शोभेल का? मालक चष्मा पुसत म्हणाले, आमच्याकडे सुपरवायझरही स्टुलावर बसतो, तुम्हाला काय वाटलं होतं?
हे अर्जाच्या फॉर्मवरच छापायला हवं होतं.

२४ सप्टेंबर, शनिवार
जगाने पाठ फिरवली तरी उद्याची खुर्ची आहे. नवे काळे बूट घेतले, निमुळते. माझ्या मापाचे संपले होते, एक साइझ लहान घेतले. चामडं सैल होतं, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो, ते काही खोटं नसणार. पाय घरीच घासून स्वच्छ केले. साडूला धुवायला काही शिल्लक ठेवायचं नाही.

२५ सप्टेंबर, रविवार, संध्याकाळ
चामडं सैल होत नाही.
चर्चला चालत गेलो, तेव्हाच कळायला हवं होतं. इतरांनी बूट-मोजे काढून ठेवले. माझे निघेनात. साडू एकेकाचे पाय धुवत जवळ येत होता आणि मी खुर्चीखाली टाच घासत होतो. कीबोर्डवाला तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. मागून कुणीतरी खोकलं.
साडू माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला. लेस पूर्ण मोकळी केली, टाच तळहातात धरली आणि हळूच फिरवून बूट काढला. आम्ही दुकानात काढतो तसाच. मोज्याला रक्त लागलं होतं. आता हा हसणार, आणि मी त्याला क्षमा करणार, अशी मनाची तयारी केली. तो हसला नाही. पाण्याचा मग बाजूला ठेवून त्याने ओंजळीने थोडं थोडं पाणी सोडलं, फोडांना झोंबू नये म्हणून. खाली मान घालून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, फार दुखतंय का?
या क्षणासाठी एक सुंदर वाक्य तयार ठेवलं होतं. ते आठवलं नाही. नुसतं हो म्हणालो, तेही धड आवाजात नाही. डोळ्यांत साबण गेला होता. बायको म्हणते, साबण नव्हताच.
अनवाणी घरी आलो. बाबांनी पाय बघितले आणि पलंगावर बसवून माझे दोन्ही पाय आपल्या मांडीवर घेतले. मी नको नको म्हणत होतो. त्यांनी ऐकलं नाही. मलम लावता लावता म्हणाले, बूट विकतोस आणि साइझ कळत नाही होय रे तुला? बराच वेळ लावत होते. बरं वाटलं.
एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. पाय धुवून घेताना मी किती नम्र दिसत होतो, याबद्दल मंडळीत एकही जण बोलला नाही. उद्या पास्टरांना सहज फोन करून विचारतो.