भरलेली खोली

इगतपुरी, रविवार

ती. मामा,
सविनय जयभीम.

हे पत्र मी टाकणार नाही, कारण वाचून तुम्ही म्हणाल, जावई फुशारक्या मारतोय. मारतोयच.

आमच्या लग्नात तुम्ही नाशिक रोडच्या चार माणसांसमोर म्हणाला होतात, "इगतपुरीला लोक दोन दिवस राहायला जातात. रिसॉर्टच्या वायरमनच्या पगारात हे तिथं जन्म काढणार?" सगळे हसले. मीही हसलो.

पुढे घर बांधलं, पण हप्त्यांसाठी गॅलरीची खोली दर शनिवार-रविवार पाहुण्यांना द्यावी लागली. वायरिंगसारखंच फरशीकामही मी बघून बघून शिकलो. गॅलरीची फरशी मीच बसवली, पाणी साचू नये म्हणून बाहेरच्या अंगाला अर्धा इंच उतार देऊन. पण तिथं बसून दरीतलं धुकं बघायची मुंबईची माणसं, आणि त्यांना चहा करून द्यायची तुमची विशाखा. आम्ही स्वयंपाकघरात झोपायचो.

गेल्या महिन्यात कर्ज फिटलं. आज सकाळी विशाखा गॅलरीत खुर्ची टाकून बसली. चहा मी केला, आलं किसून. तेवढ्यात एका नेहमीच्या गिऱ्हाइकाचा फोन आला.

"ताई, आज खोली मिळेल का? जास्त पैसे देतो."

"नाही हो, भरलीय."

"रिकामी कधी होईल?"

तिनं कठड्यावर पाय टेकवले. "ते लोक कायमचे राहायला आलेत."

मामा, फोनवर मी एवढंच म्हणेन, शनिवारी या. आणि दोन दिवस नको, चांगले आठ दिवस राहा.

तुमचा इगतपुरीकर जावई,
उत्तम