पांढरा कागद आणि गीझरची पूजा

नरकचतुर्दशीची आदली संध्याकाळ, जयनगर

रघुअण्णांची अक्कल आज पुन्हा पाहिली. आमच्या गल्लीच्या संघाचे अध्यक्ष म्हणे! गल्लीची हवा काळी होते म्हणून गेल्या महिन्यात यांनी समोरच्या सरसाक्काचा लाकडाचा बंब बंद करायला लावला. आज इकडे पाणी भरायचा सण, बंब पुजून उद्याच्या अभ्यंगाचं पाणी भरायचं. बंब नाही, तर म्हातारीने नव्या गॅस गीझरलाच हळदकुंकू लावून आंब्याची डहाळी बांधली.

माझ्या गच्चीवर आमच्या प्रयोगशाळेचं हवा गाळून धूळ मोजायचं यंत्र आहे. त्यातला कागद पूर्वी तपकिरी निघायचा, आज पांढरा निघाला. अण्णांनी लगेच फोटो काढला. "नोडप्पा, बघ, हवा स्वच्छ! कुणामुळे?"

पांढरा म्हणजे स्वच्छ? लाकडाची काजळी कमी झाली, कबूल. पण कागदाचं वजन फारसं उतरलेलं नाही. उरलंय ते नायट्रेट, बरंचसं गाड्यांच्या धुरातून हवेतच तयार झालेलं, मिठासारखं पांढरं. पांढऱ्या कागदावर दिसत नाही, छातीत मात्र जातं. आणि स्वच्छ हवेचं श्रेय घेताना अण्णांची डिझेल गाडी दारात उगाच चालू, आत एसीचा गारवा राहावा म्हणून!

मी हे बोललो का? छे. "सरी अण्णा," म्हणालो, म्हणजे कानडीत 'बरोबर आहे'. तो पांढरा कागद त्यांनी फ्रेम करायला मागितला, तोही दिला.

जिना उतरलो तर सरसाक्का दारातच उभी. "म्हणजे घाण माझ्याच बंबाची होती ना रे?"

तोंडात तोच शब्द तयार होता. "सरी अक्का," म्हणालो.