किफायतच्या बरणीतलं तूप

देवास
१८ ऑगस्ट २०२५

ती. सौ. इंदूवन्सं यांना,
चारुलताचा कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. फोन करायचा तर तुमचा लेक माधव लगेच स्पीकर लावतो आणि मग आपल्या नणंदा-भावजयांच्या गोष्टी सगळं घर ऐकतं, म्हणून मीही पत्रच लिहिते आहे. इकडे सगळे ठीक. ह्यांचे गुडघे पावसाळ्यात कुरकुरतात, पण तुमच्या भावाची जीभ त्याहून जास्त कुरकुरते.

तुम्ही लिहिलंत की सूनबाई शिखा धारच्या नव्या किफायत भंडारातून सामान आणते आणि सगळ्या पुड्यांवर त्या दुकानाचंच नाव असतं. वन्सं, आमच्याकडे ते दुकान तीन वर्षांपासून आहे. मी तीस वर्षं मुलींना गृहविज्ञान शिकवलं, तेव्हा सवयीप्रमाणे एकेक वस्तू घरी आणून पारखली. तूरडाळ चांगली, फक्त एक शिट्टी जास्त लागते. चहाला रंग येतो, वास येत नाही. जिरं तळहातावर चोळलं तर निम्म्या काड्याच. फिनाइल म्हणजे सुवासिक पाणी. मीठ, साखर, पोहे यांत खोट काढायला जागा नाही, आणि भाव कितीतरी कमी. सांगायचं ते एवढंच की पुडीवर नाव कोणाचं आहे ते पाहून वस्तू वाईट ठरत नाही. पोर चार पैसे वाचवते, तिला बोलू नका.

महालक्ष्म्यांना यंदा मला येता येणार नाही, याचं वाईट वाटतं. सर्वांना नमस्कार, मुलांना गोड पापा. तुमची माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
चारुलता


धार
४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. चारुलता हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

महालक्ष्म्या छान झाल्या. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सगळं यथासांग. सात सवाष्णी जेवल्या. शेजारच्या कुसुमावतीबाई तर म्हणाल्या की धारमध्ये असा नैवेद्य आता दुसऱ्या घरी होत नाही.

तुझ्या त्या किफायतचा मात्र मी चांगला समाचार घेतला. शिखाची आई पार्वतीबाई बागलीहून आल्या होत्या. नैवेद्यासाठी म्हणून तूप घेऊन आल्या, आणि बरणी बघते तर प्लास्टिकची, वर हिरव्या अक्षरात किफायत! तुला माहीत आहे, नैवेद्याचं काही आधी चाखता येत नाही, हुंगतासुद्धा येत नाही. पण मला त्याची गरजच पडली नाही. बरणी नुसती उजेडात धरली. पांढरट, पातळ, दाण्याचा पत्ता नाही. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की ह्यात अर्धं पामतेल आहे, हे देवीपुढे ठेवायचं नाही. ती बरणी मी स्वतः उचलून बाहेर मोरीपाशी ठेवली. देवाच्या कामात मी भीड ठेवत नाही.

पार्वतीबाई काही बोलल्या नाहीत. मुकाट्याने जेवल्या आणि संध्याकाळच्या बसने बरणी घेऊन परत गेल्या. दोन दिवस राहणार होत्या खरं तर. शिखाही तेव्हापासून गप्प आहे. बोलतं कोण, चूक उघडी पडल्यावर! तू मात्र म्हणशील वन्सं नेहमीच्याच तिखट.

दिवाळीला तुझ्या बेसनाचे लाडू विसरू नकोस. तुझ्या घरच्या दळणाचं उदाहरण मी शिखाला उठता-बसता देते. भावाला आशीर्वाद. प्रकृतीला जप, आणि मनात माझी जागा ठेव.

तुझी,
इंदूवन्सं


देवास
११ सप्टेंबर २०२५

ती. सौ. वन्सं यांना,
चारुलताचा कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं. तुम्ही एकट्या असताना वाचा.

परवा शिखाचा फोन आला होता. तक्रार करायला नव्हे, ती पोर तक्रार करत नाही. मीच खोदून विचारलं तेव्हा रडली. वन्सं, ते तूप दुकानातलं नव्हतं. पार्वतीबाईंच्या घरच्या म्हशींचं होतं. पंधरा दिवस त्यांनी साय वेगळी जमवली, घरात कोणाला बोट लावू दिलं नाही, आणि सोवळ्यात कढवलं. निघताना स्टीलच्या डब्याचं झाकण घट्ट बसेना, बसमध्ये सांडेल म्हणून शिखानेच मागे दिलेली रिकामी बरणी धुऊन, वाळवून त्यात भरलं. पातळ झालं ते बसमधल्या उकाड्याने. आणि म्हशीचं तूप पांढरंच असतं, हे मी तुम्हाला सांगावं इतकी मी मोठी नाही.

तुम्हाला शहाणपण शिकवायचा हक्क मला आणखी एका कारणाने नाही. गेल्या दोन दिवाळ्यांना मी पाठवलेले लाडू किफायतच्याच बेसनाचे होते. गिरणीवर जाणं होत नव्हतं, पुडी आणली, भाजून पाहिलं, बेसन उत्तम निघालं. तुम्ही पत्रातून घरच्या दळणाची तारीफ केलीत आणि मी गप्प बसले. तारीफ गोड लागली, दुसरं काय. त्याच तारिफेने तुम्ही शिखाला टोचता हे मला ठाऊक होतं, तरीही बोलले नाही. वेळीच सांगितलं असतं तर तुम्ही पुडीवरच्या नावाला इतक्या फसला नसता. मला फार लाज वाटते.

तुमची सून तुम्हाला काही बोलणार नाही आणि तिची आईही नाही. म्हणून मला लिहावं लागलं. रागावलात तरी चालेल, पण लिहीत राहा.

तुमची,
चारुलता


धार
२५ सप्टेंबर २०२५

चि. सौ. चारुलता हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लाडवांचा राग धरायला माझ्याजवळ सवड उरली नाही. आधी माझं ऐक.

तुझं पत्र देवघराचं दार लावून वाचलं. म्हशीचं तूप पांढरं असतं हे मला लहानपणापासून माहीत आहे. खरं सांगू? मी तूप पाहिलंच नव्हतं. आधी हिरवी अक्षरं पाहिली आणि मग तुपात दोष शोधले. सापडलेही. चाखायची बंदी होती, वास घ्यायची बंदी होती, तरी निकाल द्यायची घाई मला होती. आणि सात बायकांसमोर आपण किती जाणत्या हे दाखवायचंही होतं. देवीचं निमित्त झालं.

शिखाला विचारलं. ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली की मम्मी बोली रहने दे, त्या मोठ्या आहेत, घरात कटकट नको. आणि मला गरम पोळी वाढली. त्या दिवसापासून माझ्या ताटात तिने कशाची कमी केलेली नाही, हेच मला सहन होत नाही.

मग पितृपक्ष संपल्यावर मी बागलीला गेले. माधवला त्याचं दुकान सोडून येऊ दिलं नाही, इंदूरला बस बदलून एकटीच गेले. वाटेत सगळी वाक्यं मनात जुळवली होती. पार्वतीबाई ओसरीवरच भेटल्या. त्यांच्या दोन्ही सुना होत्या, शेजारच्या जमुनाबाई गहू निवडत बसल्या होत्या. मी तोंड उघडते तोच पार्वतीबाई घाईघाईने सुरू झाल्या की विहीणबाई, ते तूप दुकानाचंच होतं, यंदा म्हशी आटल्या, रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून शिखाला घरचं आहे असं सांगितलं, तुम्ही बरोबर ओळखलंत, चूक माझीच. समोर गोठ्यात दोन म्हशी होत्या आणि धाकटी सून नुकती धार काढून भरलेली बादली आत नेत होती. ती सासूकडे बघतच राहिली.

चारू, त्या बाईने स्वतःच्या सुनांसमोर स्वतःवर खोटा आळ घेतला, का, तर मला मान खाली घालावी लागू नये. आणि मी काय केलं? मला हायसं वाटलं. मी म्हटलं, असू द्या, होतं असं कधी कधी. क्षमा केल्यासारखं! मग त्यांच्याकडे दोन घास जेवले, त्यांनी ओटी भरली, मुलीकडच्या म्हणून माझ्या पाया पडल्या, ते पडू दिलं, आणि बसमध्ये येऊन बसले. घरी आल्यावर शिखाने विचारलं की मम्मी कशी आहे. बरी आहे, एवढंच सांगता आलं.

सत्तर वर्षांच्या आयुष्यात मला माझी इतकी किळस कधी आली नव्हती. महालक्ष्म्यांच्या दिवशी निदान मी चुकले होते. बागलीला मला सगळं माहीत होतं. हे असं ठेवून मला नवरात्र पुरं करता येणार नाही. काय करायचं ते माझ्या मनात आहे, तुला मागाहून कळवीन. भावाला हे पत्र दाखवलंस तरी चालेल. मला सांभाळून घे.

तुझी,
इंदूवन्सं


धार
१ ऑक्टोबर २०२५

सौ. पार्वतीबाई यांना,
इंदूचा शि. सा. न. वि. वि.

विहिणींनी एकमेकींना स. न. लिहायचं असतं, साष्टांग नव्हे, हे मला माहीत आहे. बागलीला तुम्ही माझ्या पाया पडलात आणि मी उभी राहिले, त्यामुळे आज असं लिहिते आहे.

काल अष्टमीला मी त्याच सात जणींना पुन्हा हळदीकुंकवाला बोलावलं. सगळ्या बसल्यावर सांगितलं की त्या दिवशी तुम्ही आणलेलं तूप तुमच्या घरचं होतं, सोवळ्यात केलेलं होतं, आणि मी बरणीवरचं नाव वाचून ते मोरीपाशी ठेवलं. पुढे हेही सांगितलं की मी तुमची क्षमा मागायला म्हणून आले, आणि तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात तेव्हा त्या खोट्याचा आडोसा घेऊन परत आले.  कुसुमावतीबाई म्हणाल्या की घरातल्या गोष्टी चारचौघींत कशाला. मी म्हटलं की अपमान चारचौघींत केला होता. शिखा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे बघू शकले नाही. सगळ्या गेल्यावर तिला जवळ बसवून तिची वेगळी क्षमा मागितली. हे पत्रही पाकिटात घालण्याआधी तिला वाचून दाखवलं आहे.

तुमच्या सुनांना आणि जमुनाबाईंना हे पत्र मोठ्याने वाचून दाखवा, एवढी विनंती आहे. तुमच्या घरात तुमची मान माझ्यामुळे खाली जायला नको. तुम्ही तूप खोटं आणलं नव्हतं. खोटी मी निघाले.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. तुमचा लोभ मी आधी उंबऱ्याबाहेर ठेवला, आणि नंतर तुमच्याच घरी बसून तो निर्लज्जपणे जेवून आले. आणखी मागायला मला तोंड नाही.

इंदू