बल्बवर चढवलेला मोजा

१४ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय धाकटे,

पुडक्यावरचं अक्षर ओळखलं असशील. आधी घाबरू नकोस. तुझा पत्ता माझ्याकडे आहे, त्याच्याकडे नाही. मला तो कसा मिळाला ते सांगते, पण जरा दमानं घे.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. आता तिला कोपऱ्यातली जळमटं दिसतात आणि मला रोज बोलणी बसतात. जिन्यातला दिवा अजून तसाच, मनात आलं तर लागतो.

शाळेत यंदा मला नवा विषय दिलाय. इंटरनेटवर कसं वागावं आणि कसं जपून राहावं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, कॉम्प्युटर तुम्ही शिकवता, मग हेही तुम्हीच बघा. पासवर्ड, अनोळखी माणसांचे मेसेज, दुसऱ्याचा फोटो न विचारता पुढे न पाठवणं. आपण लहानपणी केस विंचरून घ्यायचो तसं मुलं ऐकून घेतात. मान इकडे, लक्ष तिकडे.

तुझं इंटरनेटवरचं पान मला बरेच दिवस माहीत आहे.

शिवणकामाची चित्रं बघता बघता सापडलं. नाव नाही, चेहरा नाही, गाव नाही. फक्त हात, तेही मनगटापर्यंत, आणि रफू. मोजा जुन्या बल्बवर चढवलेला, टाके उलट्या अंगाला कललेले. आपल्या घरात डावखुरी एकच. तेव्हापासून रोज बघते. तुझा नवरा माझ्या खात्यावर नजर ठेवून असतो, म्हणून तुझ्या कुठल्याच फोटोला पसंतीची खूण केली नाही. दर वेळी पानाचं नाव नव्यानं टाइप करते, बघते आणि पुसून टाकते.

गेल्या आठवड्यात एक चूक केली. वर्गाला बेसावध लोकांची उदाहरणं पुष्कळ दाखवून झाली होती. एक चांगलंही दाखवावं म्हणून तुझा फोटो भिंतीवर लावला. म्हटलं, या बाईंकडून शिका, यांना कुणी शोधून दाखवावं. मुलांना एवढंच पुरतं.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसते. सगळे तिला वकीलबाई म्हणतात, कारण ती माझंही सहजासहजी मान्य करत नाही. ती उठून भिंतीपाशी गेली.

"बाई, बल्बमध्ये खिडकी आहे."

होती. मोजा जिथं संपतो तिथं काच उघडी, काचेत खिडकी, खिडकीत रस्ता. मुलांनी फोटो मोठा केला, उलटा केला. समोरच्या दातांच्या दवाखान्याचा फलक दिसला, भला मोठा दात आणि खाली नाव. पुढचं नकाशानं केलं. तास संपायच्या आत रस्ता, इमारत, दुसरा मजला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. 

मी सगळं बंद करायला लावलं. म्हटलं, चूक माझी. ही बाई कदाचित कुणापासून तरी लांब राहत असेल. मग कुणी हसलं नाही. एकजण म्हणाला, फोटोखाली लिहून तिला सावध करू. बाकीचे त्याच्यावर तुटून पडले, अरे म्हणजे सगळ्यांनाच कळेल की. विषय त्यांना समजलाय, असं मला पहिल्यांदा वाटलं. वकीलबाई म्हणाली, "बाई, तुम्ही कागदावर पत्र लिहा. तुमच्या वेळच्या लोकांना येतं ना ते."

म्हणून हे पत्र. तू कोण ते त्यांना ठाऊक नाही. पत्ता कुठं बोलायचा नाही, असं त्यांनी कबूल केलंय. पण मुलं ती मुलंच.

तो अधूनमधून येतो. खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो, आईसाठी फळं आणतो, फार नीट बोलतो. मागच्या खेपेला फोन माझ्यापुढे धरून म्हणाला, "ताई, तुम्ही यातल्या जाणकार. माणूस असा नाहीसा होतो का हो?" मी होतो म्हणाले. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. आता त्याचेच मोजे डोळ्यांपुढे येतात. तेही तू त्याच बल्बवर रफू करायचीस.

तेव्हा सगळे फोटो काढून टाक. तो एकच नव्हे, मागचेही. पानच बंद कर. जमलं तर घरही बदल.

एवढंच लिहून थांबायचं ठरवलं होतं. पण चांगलं उदाहरण म्हणून फोटो लावला, हे मी मुलांना सांगितलेलं कारण. तुझा हात मला एकदा भिंतीएवढा मोठा बघायचा होता. अंगठ्यावरचा सुईचा व्रण दिसावा इतका. दिसला.

तुझ्याकडे येणारी बस कुठून सुटते तेही बघून ठेवलंय. येणार नाही. मी निघाले की त्याला कळेल.

संध्याकाळी आई माझ्या शेजारी बसून तुझं पान बघायची. मी म्हणायचे, एका बाईंचं रफूकाम आहे. कोण बाई, असं तिनं कधी विचारलं नाही. एकदा नुसतं म्हणाली, "टाका सैल पडलाय. दमलीय पोरगी." काल तिला सांगितलं की हे पान आता बंद होईल. ती उठली, कपाटातून तपकिरी शाल काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. कोपरा खिळ्याला लागून फाटलाय.

"आई, ही परत येणार नाही."

"परत कोण मागतंय? काम राहू दे तिच्या हाताला."

सोबत शाल आहे. परत पाठवू नकोस, पोस्टाचा शिक्का गाव सांगतो. पत्राचं उत्तरही नको. मी रोज पान उघडीन. फोटो दिसत राहिले तर समजेन, पुडकं अजून वाटेत आहे. ज्या दिवशी तिथं काहीच नसेल, त्या दिवशी आईला सांगीन, पोचलं.

शाल सावकाश रफू कर. बल्ब खिडकीपासून लांब ठेव.

तुझं पान रिकामं होण्याची वाट बघणारी,
ताई