लायसन काढलं आणि मतदार झालो

प्रिय आई,

उद्या लिहू, उद्या लिहू म्हणता म्हणता इथल्या ऑरेगॉनच्या बागांतली सफरचंदं तोडून संपली. रागावू नकोस. खोकला जवळजवळ गेलाय.

तू पाठवलेल्या जन्मदाखल्यावर ड्रायव्हिंग लायसन काढलं, तर लायसन देणाऱ्या खात्यानंच आपणहून माझं नाव मतदारयादीत घातलं! वेगळा अर्जसुद्धा नाही. इथं मतदानही टपालानंच होतं, आज मतपत्रिका घरी आली. कमाल आहे की नाही?

लायसन मिळालं तेव्हाच हे ऑरव्हिल मामाला फोनवर सांगितलं होतं. आपल्या गावी मतदारयादीत नाव नोंदवायला गेलेल्या मामाला कचेरीतून दोनदा हाकललेलं, म्हणून तो हसला. "थापा मारतोस, गाढवा! सरकार कधी आपल्या मागं लागतं का, मत द्या म्हणून?"

तुझे गुडघे कसे आहेत?

थांब, दार वाजतंय.

अगं, मामाच! बॅग घेऊन आलाय. विचारतोय, "ते लायसनचं ऑफिस किती वाजता उघडतं?"

तुझा भटक्या,
थॅडियस