ठकीला कुठं देऊ नका

कन्नड, ३ जानेवारी १९८९

चि. सौ. कालिंदीस अनेक आशीर्वाद.

परवा तू आलीस, ओसरीवरच जेवलीस आणि चारच्या एस.टी.नं औरंगाबादला परत गेलीस. तुझी आई जाऊन दीड वर्ष झालं, या घरात तुझा एकही मुक्काम नाही. मांजरामुळं तुला दम लागतो, हे कळतं गं. तरी तू निघालीस तेव्हा मी रागानं आत वळलो, त्याचं वाईट वाटतंय. ठकीला शेजारच्या द्वारकाबाईंच्या भावाकडं सिल्लोडला पाठवतो. लेकीपुढं मांजर लई मोठं नाय, असं त्या म्हणाल्या. तुझा होकार कळव.

तुझी वाट बघणारा,
बाबा

औरंगाबाद, १२ जानेवारी १९८९

ती. बाबांना सा. न. वि. वि.

ठकीला कुठं देऊ नका. आईनं तिला बोळ्यानं दूध पाजून जगवलंय, आणि दुपारभर तुम्ही तिच्याशीच बोलता. मीच इलाज सुरू केलाय. मांजराच्या लाळेतले, कातडीवरचे कण शरीर शत्रू समजतं, म्हणून दम लागतो. डॉक्टर तेच कण अगदी थोडे टोचतात, हळूहळू वाढवतात. मग शरीर वेगळी प्रतिद्रव्यं करू लागतं. ती त्या कणांना वाटेतच अडवतात, भडका उडत नाही. तीन वर्षं लागतील. गुण येईलच, अशी हमी नाही.

इकडचा लोभ तुम्ही ओळखताच.
कालिंदी

औरंगाबाद, ५ जुलै १९९०

ती. बाबांना सा. न. वि. वि.

मागच्या सुईनंतर दवाखान्यातच दंड सुजला, श्वास कोंडला. तिथंच अर्धा तास बसवून ठेवतात, म्हणून निभावलं. हे म्हणाले, बास कर आता. मी ऐकलं नाही. डॉक्टरांनी मात्रा कमी करून पुन्हा सुरू केलंय. आईच्या साड्या अजून खुंटीवरच आहेत का? त्या मला स्वतः घडी घालायच्यात.

माया पाठवत राहा.
कालिंदी

कन्नड, २० मे १९९२

चि. सौ. कालिंदीस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचं तुझं पत्र मिळालं. चार दिवस राहिलीस. थोडं शिंकलीस, पण छातीत शिट्टी वाजली नाही. एक सांगायचं राहिलं. सोमवारी दुपारी तू आईच्या खोलीत झोपलीस आणि ठकी तुझ्या पायाशी. मी चहा घेऊन दारात आलो. तो गार झाला, पुन्हा केला, तोही गार झाला. तुला उठवायचं मन होईना. दारातच बसून राहिलो.

दिवाळीला जास्त दिवसांचं सामान आण.
बाबा